मंद दिव्याचें निदान

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत १९६१ पासून निघूं लागलेल्या जावा, व मागाहून येझदी, या मोटारसायकली कारखाना १९९६ सालीं बंद पडल्यावरही कांहीं घरांतून जपलेल्या आढळतात. आमच्या पिंगळीस कैलासवासी बंधूंची अशी एक गाडी आहे. पुतण्या तिजवरूनच परभणीहून रात्रीं परततो. दिवा मंद झाला. कारागिरानें ‘बॅटरी मेली’ म्हणून नवी बसविली. तरी उजेड तितकाच. वहिनींनीं गाडी विकण्याचा हट्ट धरला, व आईच्या काळजास उत्तर नसतें.

मंद दिव्यावरून बॅटरीचें मरण अनुमानणें, यास नैयायिक सव्यभिचार हेतु म्हणतील. गंजलेल्या सांध्यानेंही दिवा तसाच मंदावतो. त्यांतून ही वीज ६ व्होल्टची. २४ वॅटच्या दिव्यास १२ व्होल्टवर २ अँपिअर पुरतात, येथें ४ लागतात. सांध्यांत पाव ओहमचा अडथळा असल्यास तेथें बारांतील अर्धा व्होल्ट जातो, येथें सहांतील जवळजवळ एक! आमच्याकडील काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यांत असे सांधे पुष्कळ बिघडवितो.

इंजिन बंद ठेवून दिवा लावावा. बॅटरीचें जें टोक सांगाड्यास जोडलेलें असतें, तेथून एक तार दिव्याच्या धातूच्या बैठकीस टेकवावी. दुसऱ्या टोकास ती चुकूनही लागूं देऊं नये. पुतण्यानें तसें करतांच दिवा लख्ख झाला. दोष अर्थिंगचा ठरला. सांध्यावरील गंज व रंग खरवडून तो घट्ट आवळला, वर ग्रीस लाविलें. तारेनेंही उजेड न वाढल्यास कळ व फ्यूज यांचे सांधे पाहावे. वहिनींनीं विक्रीची गोष्ट तूर्त काढलेली नाहीं.