ताण तुटला अन् सुट्टीही मोडली



शेतकऱ्याच्या घरात सुट्टी कधी असते? आमच्या घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव पट्ट्यात याचं उत्तर एकच, मे महिना. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, गहू-हरभरा घरात आलेला असतो, नांगरट करून रान तापायला टाकलेलं असतं. मोसंबीवाल्याला तर मृग बहाराचा ताण चालू असतो, म्हणजे बागेला पाणीच द्यायचं नसतं. दारं धरायला जायचं नाही, रात्री लाईटची वाट बघायची नाही. लेकरांची शाळाही बंद. वर्षात घरच्या बाईमाणसाला दोन दिवस बाहेर काढायचे तर हेच पंधरा-वीस दिवस हातात असतात.

माझं म्हणणं असं आहे की हे दिवस आता भरवशाचे राहिले नाहीत. बागेचा ताण आणि घरची सुट्टी, दोन्हीचा विचार आता सोबतच करावा लागेल.

2025 चा मे आठवा. मान्सून केरळात 24 मेला आला, नेहमीच्या 1 जूनच्या आठ दिवस आधी. 26 मेला तो मुंबईत होता, जिथं त्याची नेहमीची तारीख 11 जून आहे. त्याआधीही महिनाभर वळवाचा पाऊस ठिकठिकाणी झोडपतच होता. त्याच 24 मेला, शनिवारी, आम्ही दोन घरची माणसं भंडारदऱ्याला तंबूत मुक्कामाला गेलो होतो. काजवे बघायची लेकरांची लई दिवसांची मागणी होती. संध्याकाळी चार वाजता तंबूत सामान टाकलं, सहाला ढग काळे झाले, साडेसहाला विजा सुरू झाल्या. कॅम्पवाला म्हणाला, "दादा, तासाभरात उघडतंय, बसा तंबूत." मी लेकरं आणि म्हातारी आई गाडीत बसवली, काचा लावल्या आणि विजा थांबल्यावर राजूरच्या रस्त्याला लागलो. काजवे काही दिसले नाहीत. पैसेही परत मिळाले नाहीत.

गाडीतच का बसवलं, ते सांगतो, कारण हे रानातही कामाला येतं. तंबू विजेपासून वाचवत नाही, त्याचे धातूचे खांब तर उलट धोका वाढवतात. झाडाखालचा आडोसाही तसलाच. पक्कं घर किंवा पत्र्याचं बंद छत असलेली गाडी हाच आसरा. वीज चमकल्यावर आकडे मोजा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच आसरा गाठा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना मोबाईलवर देतं. ते सालगड्याच्या मोबाईलमध्येही टाकून द्या.

पाण्याचं तसंच. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान लेकरं होती. वर पाऊस पडला की खाली पाणी काही मिनिटांत वाढतं. गोदाकाठच्या माणसाला हे सांगायला नको, पण सुट्टीवर गेलं की आपणच ओढ्याच्या काठाला सपाट जागा बघून तंबू ठोकतो.

आता कॅम्पवाल्याबद्दल. मी त्याच्यावर राग धरून नाही. तोही शेतकरीच, भातखाचराच्या बांधावर चार तंबू लावून दोन महिने कमावतो. त्याचा हंगाम बुडाला, तसा आपला कांदा भिजला. पण पावसाचा सगळा तोटा गिऱ्हाईकानं सोसायचा हा हिशेब मला मान्य नाही. आपल्याकडेही कृषी पर्यटन सुरू करायचं अनेकांच्या डोक्यात आहे. त्यांनी नियम आधीच लिहून ठेवावा: हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर मुक्काम रद्द, पैसे परत किंवा पुढची तारीख. आणि तंबूशेजारी वीस माणसं मावतील अशी एक पक्की खोली. ती नसेल तर पैसे घेऊन माणसं झोपवायचा आपल्याला हक्क नाही.

इकडं घरी काय झालं? मेच्या पावसानं बागेचा ताण तुटला. ताण नीट बसायला जमिनीप्रमाणे महिना-दीड महिना कोरडा लागतो. मधेच पाऊस झाला की झाड फुलाऐवजी नवी पालवी काढतं आणि मृग बहार विरळ होतो. अशा वेळी दुकानदाराच्या सांगण्यावरून वाढरोधक फवारू नका. बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र किंवा खरपुडीच्या केव्हीकेला झाडाची अवस्था दाखवा, मग ठरवा. रानही तापलं नाही, मशागत खोळंबली. वर पाऊस बघून काहींना पेरणीची घाई झाली. पण मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत मान्सून पुढं सरकलाच नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला मान्सून लवकर आला म्हणून रद्द होत नाही.

कृषी हवामान सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञ मंडळींना माझी एक विनंती आहे. तुमच्या पत्रकात कापूस असतो, तूर असते, जनावरं असतात. शेतकऱ्याचं कुटुंब नसतं. मे महिन्याच्या सल्ल्यात दोन ओळी वाढवा: ताण तुटण्याचा धोका किती, आणि विजांचे दिवस कोणते. त्या दोन ओळींवर आम्ही बागही सांभाळू आणि लेकरांची सहलही ठरवू.

आणि शेतकरी भावांना: एक सहल मोडली म्हणून "आपल्याला कुठली आलीय सुट्टी" असं म्हणू नका. मे दगा देत असेल तर दिवाळीनंतर, कापसाच्या दोन वेचण्यांच्या मधे दोन दिवस काढा. तेव्हा आभाळ बहुतेक निवळलेलं असतं, थंडीही सोसण्यासारखी असते. लांब जाणं जमत नसेल तर आपल्याच आखाड्यावर चूल मांडा. पण काढा. बाकी सगळ्या कामांची तारीख आपण पाऊस बघून पुढं-मागं करतोच की, ही एकच तारीख कायमची रद्द का करायची?

तुमच्याकडं मेच्या पावसानं ताणाचं काय झालं, बहार किती फुटला, ते गावाच्या नावासकट लिहा.