घाटातल्या मिनिटांचा हिशेब

पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं-पोरी गोंदिया जिल्ह्याच्या कुठल्याही तालुक्यात दिसतात. आमगाव असो, तिरोडा असो की सडक अर्जुनी, त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात एकच आकडा असतो. पोलीस भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत 1600 मीटर धावण्याला 20 गुण आहेत आणि ते पूर्ण हवे असतील तर मुलांना 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत पोचावं लागतं. मुलींसाठी अंतर 800 मीटर, आणि तिथेही पूर्ण गुणांची वेळ अशीच ठरलेली. या आकड्यांनी जिल्ह्यातल्या एका अख्ख्या पिढीला धावायला शिकवलं, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण त्यासोबत एक समजूतही पक्की झाली: वेळ ठरलेली असते, ती गाठण्यासाठी पहिल्या पावलापासून जीव तोडून पळायचं असतं. आता यातलीच काही मंडळी, आणि त्यांच्या जोडीला शिक्षक, डॉक्टर, राईस मिलवाले, बँकेतले कर्मचारी, लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळू लागले आहेत. सपाट रस्त्यावर ही समजूत कशीबशी चालून जाते. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात किंवा मुंबईच्या पेडर रोडवर मात्र तीच धावणाऱ्याला खाली बसवते. माझं म्हणणं असं, की चढाच्या शर्यतीत ठरवलेली वेळ गाठायची असेल तर ती वेळ आधी त्या रस्त्याच्या चढ-उतारावरून काढली पाहिजे आणि चढावर वेग नव्हे, दम एकसारखा ठेवला पाहिजे. प्रत्येक किलोमीटर सारख्याच मिनिटांत कापण्याचा हट्ट धरला, की हातची वेळ गेलीच म्हणून समजा.

हे मत भावनेवर नाही, शरीराच्या खर्चावर उभं आहे. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरात धावणाऱ्या कसलेल्या धावपटूंना वेगवेगळ्या चढ-उतारांच्या ट्रेडमिलवर पळवून प्रत्येक मीटरमागे किती ऊर्जा लागते ते मोजलं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून जे सूत्र निघालं, त्यावर आजही धावण्याचे बरेचसे हिशेब चालतात. त्या सूत्राने पाहिलं तर चार टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना चार मीटर वर जायचं असेल तेव्हा, सपाटीपेक्षा साधारण 24 टक्के जास्त ऊर्जा लागते. तेवढ्याच उतारावर वाचते ती सुमारे 20 टक्के. दहा टक्के चढावर जादा खर्च 65 टक्क्यांच्या घरात जातो, बचत मात्र 40 टक्क्यांवरच थांबते. चढण जितकी खडी, तितकी ही तफावत मोठी. चढताना दिलेलं सगळं उतारावर परत मिळत नाही.

आता हेच साताऱ्याला लावून पाहू. 2012 पासून भरणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन शहरातून निघते, यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि वळून त्याच वाटेने खाली येते. अर्धं अंतर मुख्यतः चढ, अर्धं उतार. हिशेबापुरतं असं धरू, की जाताना साडेदहा किलोमीटरमध्ये चारशे-सव्वाचारशे मीटर चढायचं आहे, म्हणजे सरासरी चार टक्के. सपाट रस्त्यावर 21.097 किलोमीटर दोन तासांत पूर्ण करणारा धावपटू एका किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद घेतो. हाच वेग त्याने घाटात धरला तर शरीरावर पडणारा भार सपाटीवर 4 मिनिटं 36 सेकंदांनी पळण्याइतका असतो. हा वेग त्याला गोंदियाच्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरसुद्धा टिकवता येत नाही, मग दहा किलोमीटरचा घाट तो कसा पेलणार? उलट सपाटीइतकाच दम ठेवून तो चढला तर किलोमीटरला सात मिनिटं लागतात. वरच्या वळणावर घड्याळात 1 तास 14 मिनिटं झालेली असतात आणि दोन तासांचं स्वप्न तिथेच मोडल्यासारखं वाटतं. पण पाय शाबूत असतात. उतारावर सांभाळून 5 मिनिटं 10 सेकंदांनी आला तरी तो 2 तास 8-9 मिनिटांत खाली पोचतो. त्या रस्त्यावरची त्याची खरी दोन तासांची शर्यत हीच. अनेकांच्या मनगटावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर बॉलपेनने दर पाच किलोमीटरचे आकडे लिहिलेले असतात: 28:26, 56:53, 1:25:19. सपाट रस्त्यासाठी हे आकडे बिनचूक आहेत. घाटात त्यातला एकही उपयोगाचा नाही.

पूर्ण मॅरेथॉनमध्ये ही चूक आणखी महागात पडते, कारण तिथे इंधनाचा प्रश्न येतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण 1500 ते 2000 किलोकॅलरी इतकीच असते. किलोला किलोमीटरमागे एक किलोकॅलरी हा ढोबळ नियम धरला तर साठ किलोच्या माणसाला 42.195 किलोमीटरसाठी अडीच हजारांच्या वर लागतात. उरलेली तूट चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या-प्यायलेल्यातून भरायची असते. चरबी मात्र सावकाश जळते. धाप लागेल असा जोर लावला की शरीर चरबी बाजूला ठेवून साखरच उपसू लागतं. ढोलीतलं धान आखाडीपर्यंत पुरवायचं असताना दिवाळीतच पोती काढावीत, तसं हे आहे. मुंबई मॅरेथॉनचा पेडर रोड उंचीने फार मोठा नाही. पण परतीच्या वाटेवर तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो, आणि सुरुवातीला ज्यांनी उधळपट्टी केली त्यांचा हिशेब तिथे होतो.

बोस्टनचं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. 1897 पासून चालत आलेल्या या शर्यतीचा सुरुवातीचा मोठा भाग उताराचा आहे, आणि सव्वीस ते तेहतीस किलोमीटरच्या टप्प्यात न्यूटनच्या टेकड्या लागतात. त्यातली शेवटची, हार्टब्रेक हिल, जेमतेम 27 मीटर उंच. आपल्याकडे एवढ्याला कुणी टेकडीही म्हणणार नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये एलियुड किपचोगे, तेव्हाचे विश्वविक्रमवीर, तिथे धावले. पहिल्या उतारावर त्यांनी पुढे राहून पाच किलोमीटर सव्वाचौदा मिनिटांच्या आसपास कापले, आणि न्यूटनच्या टेकड्यांत ते आघाडीच्या गटापासून मागे पडले. 2:09:23 अशी वेळ देऊन ते सहावे आले. इव्हान्स चेबेट 2:05:54 मध्ये जिंकले. किपचोगेंनी नंतर पायाच्या तक्रारीचाही उल्लेख केला, त्यामुळे सगळा दोष सुरुवातीच्या वेगावर टाकणं बरोबर नाही. तरी उतारावर जोर लावून मग चढाला भिडण्याची किंमत केवढी असते, हे त्या दिवशी दिसलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या सपाट रस्त्यावर केल्विन किप्टम यांनी 2:00:35 चा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग 60:48 चा होता आणि दुसरा 59:47 चा. जगातल्या सर्वात वेगवान माणसानेही पहिल्या अर्ध्यात हात राखला होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की चढावर मागे पडलं तर उतारावर भरून काढू. वरच्या आकड्यांत याचं अर्धं उत्तर आलंच आहे. उरलेलं अर्धं मांड्यांत आहे. उतारावर प्रत्येक पाऊल पडताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत शरीराला आवरतात, आणि अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होत राहते. दम लागत नाही, त्यामुळे ही इजा तेव्हा जाणवत नाही. ती दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवते, आणि पूर्ण मॅरेथॉन असेल तर तिसाव्या किलोमीटरनंतरच, जेव्हा पाय उचलेनासे होतात. घाटात उतरताना पावलं छोटी आणि जलद टाकावीत, टाच पुढे रोवून ब्रेक मारू नये, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ वाचतं.

दुसरा आक्षेप आपल्या विदर्भातला, आणि तो हलका नाही. आपल्याकडे ऊन लवकर तापतं. मग ऊन चढायच्या आत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापून घेतलेलं काय वाईट? विचार साहजिक आहे, पण शरीर त्याला साथ देत नाही. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन अंगातच साठतो आणि घामावाटे बाहेर टाकावा लागतो. जितका वेग जास्त, तितकी ही आतली आग मोठी. पहाटे जोर लावणारा माणूस सूर्य वर येण्याआधीच अंग तापवून बसतो आणि खऱ्या उन्हाला सामोरा जातो तेव्हा त्याच्याकडे पाणीही कमी उरलेलं असतं आणि दमही. उन्हाच्या दिवशी करण्यासारखं एकच आहे: ठरवलेली वेळ सुरुवातीलाच थोडी वाढवायची.

तिसरा आक्षेप शिस्तीचा. घड्याळ बाजूला ठेवलं तर माणूस आळसावतो, चढ दिसला की चालायला लागतो, असं भरतीची तयारी करून घेणारे प्रशिक्षक म्हणतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण घड्याळ काढून टाका असं इथे कुणीच म्हणत नाही. चढासाठी वेगळा आकडा, उतारासाठी वेगळा आकडा आणि दोन्हींवर दमाची नजर, ही शिस्त एकच वेग धरून पळण्यापेक्षा कितीतरी कडक आहे. दमाचं मापही साधं आहे. चढावर चार-पाच शब्दांचं वाक्य एका दमात बोलता आलं तर मॅरेथॉनचा वेग बरोबर. एकेक शब्दाला धाप लागत असेल तर जास्त. आणि चालण्याची एवढी लाज का बाळगायची? दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत 1921 पासून डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या दरम्यानच्या डोंगरांतून धावली जाते. बारा तासांची मुदत पाळण्यासाठी तिथे अनुभवी धावपटूंच्या मागे घोळके धावतात, त्यांना बस म्हणतात आणि पुढच्याला ड्रायव्हर. हा ड्रायव्हर कुठल्या चढावर किती चालायचं ते आधीच ठरवून येतो, आणि त्याच्या मागून शेकडो माणसं मुदतीत पोचतात. आपल्या सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेच्या यात्रेत कचारगडच्या गुहेकडे चढणारी वयस्क माणसं बघावीत. छोटं पाऊल, एकच लय, आणि मधे कुठे खोळंबा नाही.

सपाट जिल्ह्यात चढाचा सराव करायचा कुठे, असं विचारलं जातं. गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, भोवती बांध्यांचा मुलूख. पहिल्या नजरेला हे खरं वाटतं. पण पूर्वेला दरेकसाकडे, जिथून मुंबई-हावडा रेल्वेमार्ग डोंगरातून छत्तीसगडात उतरतो, तिथे चांगले चढाचे रस्ते आहेत. देवरी-चिचगडच्या बाजूला आहेत. जंगलाचा भाग आहे, म्हणून उजेडात आणि चौघा-पाचांनी मिळून जावं. राष्ट्रीय महामार्गावर ट्रकांच्या वर्दळीत हा सराव करू नये, हे वेगळं सांगायला नको. जे तिथवर जाऊ शकत नाहीत त्यांना मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळही पुरते. पाळीवर चढून जायला वीस-तीस सेकंद लागतात. दहा-पंधरा वेळा एकाच दमाने चढायचं, प्रत्येक वेळी वरच्या टोकाला श्वास सारखाच राहतो का ते पाहायचं. पहिल्या चढाला जोर लावणाऱ्याला आठव्या चढाला आपली चूक कळते, आणि ती कळायला साताऱ्याचं तिकीट काढावं लागत नाही.

जिल्ह्यात होणाऱ्या दौडींच्या आयोजकांकडून माझी अपेक्षा म्हणूनच ठोस आहे. टी-शर्ट, पदक, झेंडा दाखवणारे पाहुणे यांवर जेवढी मेहनत घेतली जाते, त्यातली थोडी रस्त्याच्या मोजणीवर घ्यावी. कुठल्या किलोमीटरला किती मीटर चढ आणि किती उतार, हे नावनोंदणीच्या वेळीच छापून द्यावं. पाठीवर वेळेचं निशाण लावून धावणारे पेसर ठेवायचे असतील तर त्यांनी चढावर किती मागे राहायचं हे आधी ठरवून ते सोबतच्या धावणाऱ्यांना सांगावं. पेसरच घाटात सपाटीच्या वेगाने निघाला तर त्याच्यावर विश्वास टाकून मागे आलेली तीस-चाळीस माणसं एकदम कोसळतात, आणि त्यातल्या काहींची ती पहिलीच शर्यत असते.

भरतीच्या पोरांना याचा काय उपयोग, हा शेवटचा प्रश्न उरतो, आणि जिल्ह्यात धावणारे सर्वात जास्त तेच असल्यामुळे तो महत्त्वाचा आहे. 1600 मीटर म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाचे चार फेरे. 5 मिनिटं 10 सेकंद म्हणजे प्रत्येक फेऱ्याला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पहिला फेरा सत्तर सेकंदांत मारणाऱ्या मुलाने साडेसात सेकंद कमावलेले असतात. तिसऱ्या फेऱ्यात पोटऱ्या आवळल्या की त्याच्या दुप्पट सेकंद जातात आणि त्यांच्यासोबत गुणही. त्याच्या शेजारी अठ्ठ्याहत्तरने सुरुवात करणारा मुलगा पहिल्या फेऱ्याला मागे दिसतो, बघणारे त्याला ओरडतात, आणि शेवटच्या दोनशे मीटरला पुढे काढायला पाय त्याच्याकडेच उरलेले असतात. हे शिकवायला नवीन मैदान लागत नाही की अनुदान लागत नाही. तालुक्याच्या क्रीडा संकुलावर शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला प्रशिक्षक एका आठवड्यात हे दाखवू शकतो. त्यासाठी त्याने पहिला फेरा जिंकणाऱ्याला शाबासकी देणं आधी थांबवलं पाहिजे.