कुऱ्हाडीचा दांडा

कर्करोगावर रामबाण औषध केव्हा निघणार, हा प्रश्न ज्याच्या घरी तो रोग शिरला आहे त्याने विचारला तर त्यास कोण दोष देईल? परंतु तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत ते हाच प्रश्न संशोधकाला विचारून त्याच्या उत्तरावर अनुदानाचा आकडा ठरवू पाहतात, तेव्हा या रोगाविषयीचे आजचे ज्ञान कोणत्या वाटेने आले याचे स्मरण देणे आम्हांस अवश्य वाटते.

ही वाट एका कोंबडीपासून निघते. १९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी कोंबडीच्या अंगावरील अर्बुद कुटून, त्यातील पेशी गाळून काढून, उरलेला रस निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तेच अर्बुद झाले. रोगाचे कारण पेशीहून सूक्ष्म असा विषाणू होता. कोंबडीच्या रोगाशी माणसाचा काय संबंध, म्हणून बहुतेक विद्वानांनी तिकडे पाठ फिरविली. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी!

पुढील भाग अधिकच विलक्षण आहे. या विषाणूतील एकच जनुक अर्बुद घडविते हे कळल्यावर, ते त्याने आणले कोठून, असा प्रश्न सॅन फ्रान्सिस्को येथील मायकेल बिशप व हॅरॉल्ड व्हार्मस यांनी विचारला. १९७६ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की ते जनुक मुळी विषाणूचे नव्हेच. निरोगी कोंबडीच्या पेशीतून त्याने ते उचलले आहे. त्याचे भाऊबंद बदकात सापडले, एमूत सापडले, आणि पुढे माणसातही. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा विभागावे, याचे निरोप पोचविणे हे त्याचे नित्याचे प्रामाणिक काम. त्यात बिघाड झाला, की तेच पेशीला अनावर वाढावयास लावते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा. १९८२ साली माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगातील रास नामक जनुक तपासले, तेव्हा तेथे अवघे एक अक्षर बदललेले निघाले. (शुद्धलेखनाला क्षुल्लक मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) गंमत अशी, की कर्करोग पेशीच्या जनुकांतील बदलाने होतो ही कल्पना खुद्द राऊस यांनी नोबेल व्याख्यानात अमान्य केली होती!

रोग्याला याचा उपयोग काय? उंदरांच्या एका विषाणूत एबल नावाचे असेच एक जनुक मिळाले होते. माणसाच्या एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात गुणसूत्रांच्या अदलाबदलीत हेच जनुक भलत्या जागी जाऊन चिकटते. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला आवर घालणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ साली मान्य झाली. पूर्वी थोड्या वर्षांत दगावणारे अनेक रोगी आज ती घेऊन आपले संसार चालवीत आहेत. कोंबडीपासून या गोळीपर्यंत ९० वर्षे लागली.

२०२०-२१ साली आपल्या देशाने संशोधनावर देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के रक्कम खर्च केली. तोंडाचा कर्करोग हा तंबाखूने पोसलेला, विशेषतः आपल्याकडचा रोग; त्याच्या पेशींत काय बिघडते ते परक्यांनी आपल्यासाठी शोधावे, ही अपेक्षा लाजिरवाणी आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील प्रयोगशाळांत तसे काम चालते. अशा कामाला वर्षा-दोन वर्षांच्या हप्त्यांनी नव्हे, निदान दहा वर्षांच्या हमीने पैसा मिळाला पाहिजे. आणि अर्जातील ‘अपेक्षित उपयोग’ हा रकाना कोरा राहिला म्हणून तो अर्ज परत जाता कामा नये. १९११ साली राऊस यांनी तरी त्या रकान्यात काय लिहिले असते?