‘सल्फेटविरहित’ म्हणजे सौम्य काय?

केस धुण्याच्या द्रव्याला आज भारतभर ‘शाम्पू’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीमार्गे परत आला असला, तरी त्याचे मूळ भारतीयच आहे. ‘चाँपना’, म्हणजे अंग चेपणे, या हिंदी क्रियापदापासून तो निघाला. पाटण्यास १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह चालवून तो तेथे लोकप्रिय केला. पुढे चेपण्याचा अर्थ मागे पडला व धुण्याचा तेवढा उरला. बाटलीवर ठळकपणे छापल्या जाणाऱ्या ‘सल्फेटविरहित’ या शब्दाचीही आज तीच गत होत आहे. मुळात तो एका घटकाचा अभाव सांगतो. ग्राहक मात्र त्याचा अर्थ ‘निर्धोक’ असा घेतो. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

डोक्याच्या त्वचेतील ग्रंथींतून तेलकट द्रव्य स्रवते व त्यास धूळ चिकटते. नुसत्या पाण्याने हा थर निघत नाही. त्यासाठी प्रक्षालक लागते. प्रक्षालकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे आकर्षिले जाते. असे असंख्य रेणू तेलाच्या कणास वेढतात आणि तो कण पाण्याबरोबर वाहून जातो. सोडियम लॉरिल सल्फेट हे या जातीचे प्रसिद्ध द्रव्य होय. ते स्वस्त असते, त्याचा फेस विपुल होतो आणि दुष्फेन पाण्यातही ते साबणासारखे निकामी होत नाही. परंतु मळाबरोबरच त्वचेच्या बाह्य थरातील उपयुक्त स्निग्ध द्रव्येही ते काढून नेते. त्वचेचा दाह कसा होतो याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मुद्दाम दाह उत्पन्न करण्यासाठी याच द्रव्याचा उपयोग करतात. त्याचे भावंड सोडियम लॉरेथ सल्फेट हे त्या मानाने सौम्य आहे.

तेव्हा सल्फेटाविषयीची तक्रार निराधार नाही. पण ती प्रमाणाबाहेर वाढविली गेली आहे. अमेरिकेतील प्रसाधन-घटकांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने १९८३ मध्ये असा निर्णय दिला की, थोडा वेळ लावून पूर्णपणे धुऊन टाकावयाच्या वस्तूंत सोडियम लॉरिल सल्फेट सुरक्षित आहे. त्वचेवर दीर्घकाळ राहणाऱ्या वस्तूंत मात्र त्याचे प्रमाण शेकडा १ हून अधिक असू नये. त्यामुळे कर्करोग होतो, ही वदंता तर पुराव्यावाचूनच पसरली आहे. महाग बाटली परवडत नाही म्हणून एखाद्या मातेने आपण मुलांना विष लावीत आहोत असे मानून झुरावे, याला विज्ञानाचा आधार नाही.

उलट, सल्फेट नसणे म्हणजे सौम्य असणे नव्हे. अंगाच्या साबणात सल्फेट-प्रक्षालक बहुधा नसते; तथापि साबण अल्कधर्मी असल्याने केसावरील खवल्या उघडतात, आणि दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग होऊन त्याचा चिकट साका केसांवर बसतो. कित्येक ‘सल्फेटविरहित’ शाम्पूंत ओलेफिन सल्फोनेट असते. तेही चांगलेच प्रखर प्रक्षालक आहे. रिठा व शिकेकाई यांतील सॅपोनिने निसर्गदत्त असली, तरी रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर होणारी आग ज्याने एकदा अनुभवली आहे, तो ‘नैसर्गिक’ आणि ‘सौम्य’ हे शब्द समानार्थी मानणार नाही. याउलट लॉरेथ सल्फेटात बीटेन मिसळले असता त्याची दाहकता कमी होते. म्हणून गुणदोषांचा विचार संपूर्ण मिश्रणाचा करावयास हवा.

सौम्य शाम्पूची खरी गरज कोणास आहे? ज्यांना धुळीच्या वा घामाच्या कामामुळे रोज केस धुवावे लागतात, ज्यांची त्वचा कोरडी आहे किंवा ज्यांना इसबाचा विकार आहे, त्यांना ती आहे. केशकर्तनालयात दिवसभर दुसऱ्यांचे केस धुणाऱ्या कामगारांना तर ती सर्वांहून अधिक आहे. त्यांच्या हातांना होणारा त्वचादाह हा व्यवसायजन्य रोग म्हणून सर्वमान्य आहे. अशांनी डेसिल ग्लुकोसाइड किंवा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट ही प्रक्षालके असलेला, किंचित आम्लधर्मी व सुगंध नसलेला शाम्पू निवडणे श्रेयस्कर होय. त्याचा फेस कमी होईल. परंतु फेस हे स्वच्छतेचे माप नव्हे.

ही निवड करण्याचे साधन ग्राहकाच्या हाती आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते, आणि शेकडा १ हून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पाण्यानंतर प्रथम कोणते प्रक्षालक आले आहे, हे पाहण्यास दोन क्षणही लागत नाहीत.

ज्यांना नेहमीचा शाम्पू सोसतो, त्यांनी तो बदलण्याचे कारण नाही. थोडा शाम्पू पाण्यात पातळ करून डोक्याच्या त्वचेला लावावा, केसांच्या टोकांना चोळू नये आणि भरपूर पाण्याने धुवावे. मात्र रसायनांच्या भयाने डोके धुणेच टाळणे अहिताचे आहे. कोंड्याशी संबंधित असलेले मॅलासेझिया नावाचे सूक्ष्म कवक साचलेल्या तेलावरच पोसते. शाम्पू बदलूनही खाज किंवा लाली राहिली, तर तिसरी बाटली विकत न घेता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

आपल्या घरातील मुलांना बाटलीच्या दर्शनी बाजूवरील शब्दापेक्षा मागील बाजूवरील बारीक अक्षरे वाचावयास शिकविणे, हे कोणत्याही शाम्पूहून अधिक टिकाऊ हित होय.