टेकडीला रंग दिलात, आता भिंत द्या

मुंबईत दोन वर्षा आहेत. एक मलबार हिलवर, मुख्यमंत्र्यांचा सरकारी बंगला. दुसरी विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावर, वर्षानगर. दोन्ही टेकडीवर. पाऊस दोन्हीकडे पडतो आणि पडताना तो कुणाची जात विचारत नाही. पण पडलेल्या पाण्याचं पुढं काय होतं, हे मात्र तिथं कोण राहतं ते पाहूनच ठरतं.

ऑगस्ट २०२० च्या पावसात मलबार हिलचाही कडा खचला. बा. गं. खेर मार्गाची कड झाडांसकट खाली आली. रस्ता बंद झाला, तज्ज्ञ आले, नकाशे झाले, पैसा आला, संरक्षक भिंत उभी राहिली. चांगलं झालं. व्हायलाच पाहिजे होतं. १६ ऑगस्ट २०२५ ला वर्षानगरात दरड घरावर आली. एकाच घरातले दोन जीव गेले. तिथं आधी काय आलं होतं? नोटीस. 'आपली झोपडी धोकादायक ठिकाणी आहे, ती तत्काळ रिकामी करावी.' कुठं जायचं ते त्या कागदावर कधीच लिहिलेलं नसतं. पालिकेचा हा पावसाळी कागद मुंबईच्या प्रत्येक झोपडपट्टीच्या टेकडीला ठाऊक आहे.

मित्रहो, ही यादी पाठ करा. १२ जुलै २०००, घाटकोपर, आझादनगर : साठाहून अधिक माणसं दरडीखाली. २६ जुलै २००५ : सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि साकीनाक्याला डोंगर कोसळून सत्तरच्या आसपास माणसं गाडली गेली. २ जुलै २०१९, मालाड, कुरारची पिंपरीपाडा-आंबेडकरनगर वस्ती : वर पालिकेचा जलाशय, त्याची भिंत रात्री खालच्या खोपटांवर पडली, तीसच्या आसपास मेले. १८ जुलै २०२१, एकाच रात्री चेंबूरचं भारतनगर आणि विक्रोळीचं सूर्यनगर : दोन्हीकडची मिळून तीसच्या जवळ.

याला ते 'नैसर्गिक आपत्ती' म्हणतात. च्यायला, निसर्ग एवढा हुशार कधीपासून झाला? त्याला बरोबर आझादनगर आणि आंबेडकरनगरच कसं सापडतं? आणि मालाडचं प्रकरण तर नीट समजून घ्या. शहराला पाणी पोचवायचं म्हणून जलाशय उंचावर बांधतात, म्हणजे पाणी आपल्या वजनानं खाली धावतं. मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या फुलांखाली जलाशयच आहे. मालाडलाही टेकडीवर जलाशय. एका जलाशयावर बाग फुलली, दुसऱ्याची भिंत अंगावर आली. शाळेत शिकवतात की पाणी उताराकडं धावतं. मुंबईत ते पैशाकडं धावतं. मग उतार असो की चढाव.

म्हणून उंचीचं हे गणित आधी सोडवा. मलबार हिलवर जितकं उंच, तितकी जागा महाग. समुद्र दिसतो, वारा लागतो. घाटकोपर-विक्रोळी-भांडुपच्या डोंगरावर जितकं उंच, तितकं खोपटं स्वस्त. डोंगर तोच काळा दगड. फरक तीन गोष्टींचा : रस्ता, पाण्याचा दाब आणि मागची भिंत. या तिन्ही वर चढल्या की उंची म्हणजे इभ्रत. या तिन्ही पायथ्याशी थांबल्या की उंची म्हणजे शिक्षा. अण्णाभाऊ साठे याच घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि 'मुंबईची लावणी'त त्यांनी मलबार हिल आणि परळ समोरासमोर उभे केले. परळच्या गिरण्या गेल्या, टॉवर आले. परळचा माणूस कुठं गेला? त्यातला पुष्कळसा उपनगरांत फेकला गेला, आणि ज्याला सपाट जागा परवडली नाही तो डोंगर चढला.

आता वरच्या पायरीपासून खालपर्यंत उतरून बघा, म्हणजे कोण कोण राहतं ते कळेल. ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-साताऱ्याकडून निघालेली माणसं. ७८ ला नामांतराच्या दंगलीत घरं जळाली म्हणून गाव सोडलेले बौद्ध. खाणीत सुरुंगाच्या तोंडाशी उभे राहिलेले वडार. तमिळ आदिद्रविड, तेलुगू माला-मादिगा. झाडू हातात घेऊन आलेले मेघवाळ, रुखी, वाल्मीकी. आझमगढ-जौनपूरचे मुसलमान आणि भय्ये. कोकणातला चाकरमानी, केरळचा चहावाला. एका चढावर आठ भाषांत शिव्या ऐकायला मिळतात. १४ एप्रिलला निळं, गणपतीत गुलाल, मोहरमला सबील, मारीअम्माची घागर, छठला सूप घेऊन उतरणाऱ्या बायका. सगळ्यांची वाट एकच : दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं, एवढी.

हे बघून बाहेरचा माणूस खूश होतो. 'मिनी इंडिया' म्हणतो. २०१४ ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि पहिल्यांदाच कोट-पँटवाल्या प्रवाशाला खिडकीतून असल्फ्याची टेकडी डोळ्यांच्या पातळीवर दिसायला लागली. २०१८ च्या सुमारास स्वयंसेवक आले, ब्रश आणले, मेट्रोतून दिसणाऱ्या भिंती पिवळ्या, गुलाबी, निळ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी इटलीतल्या पोझितानोची उपमा दिली. रंगाशी आपलं वैर नाही. त्या पोरापोरींनी उन्हात घाम गाळला, वस्तीतल्या पोरांनीही हात लावला, भिंती चांगल्या दिसल्या. पण प्रश्न सरळ आहे : तो रंग कुणाच्या डोळ्यांसाठी होता? घरात बसलेल्या बाईला आपल्या घराची बाहेरची भिंत दिसत नाही. तिला दिसतो तो नळ. आणि पाठीमागं दिसते ती माती.

ही विविधता आम्ही हौसेनं मांडलेली नाही. आठ भाषा एका चढावर आल्या, कारण सपाट मुंबईनं आठही भाषांना एकच उत्तर दिलं : जागा नाही. चाळीत आडनाव विचारलं, सोसायटीत मांस-मच्छी विचारली, मुसलमानाला तर काही न विचारताच दार लावलं. उरला डोंगर. त्याला कुणी मालक दिसत नव्हता, म्हणून तो आमचा. एकत्र फेकलं जाणं म्हणजे एकजूट नव्हे. कचऱ्याच्या ढिगातही पुष्कळ विविधता असते!

आणि आता घरातलं बोलू. कारण दुसऱ्याच्या बंगल्यावर दगड मारणं सोपं आहे.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. आपल्या टेकडीला पायऱ्या आहेत. शेकड्यानं आहेत, गुडघे फुटेपर्यंत आहेत. पण मनोरा मोडला का? गल्ली बघा. बौद्धांची लाईन, मातंगांची लाईन, वडारांची, मेघवाळांची, मुसलमानांची. गावातले वाडे उचलून डोंगरावर ठेवलेत. आपल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते, तिथं वरच्या लाईनीतला मातंग पोरगा येतो का? वाल्मीकी पोरगी येते का? 'त्यांना कुणी अडवलंय?' असं म्हणू नका. गावातला पाटीलही हेच म्हणायचा. आपल्यातला पोरगा तमिळ पोरीशी फिरला तर आपण आंतरजातीय लग्नावर भाषण देतो. आपली पोरगी मेघवाळाशी फिरली की भाषण आटपतं आणि काठी निघते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईच्या कितीतरी मिश्र वस्त्या फाटल्या. कालपर्यंत साखर उसनी मागणारे एकमेकांच्या दारावर खुणा करू लागले. शेजार आपोआप माणुसकी शिकवत असता तर तसं घडलं नसतं. म्हणून 'आमच्याकडं सगळे गुण्यागोविंदानं नांदतात' हे तुणतुणं बंद करा. नांदणं वेगळं, सोबत लढणं वेगळं.

लढायचं कशावर? पाण्यापासून सुरू करू. पाईप पायथ्याकडून वर येतो. खालच्या लाईनीनं नळाला मोटर लावली की वरचा नळ नुसती हवा ओकतो. मग वरची बाई हंडा घेऊन खाली उतरते, विकत घेते, डोक्यावर चढवते. गॅसचा सिलिंडर चढवायला वेगळे पैसे. बाळंतिणीला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं, कारण अॅम्ब्युलन्स नाक्यापर्यंतच येते. मयतही तशीच. उंचीचा हा कर रोज भरावा लागतो आणि तो सर्वांत जास्त बाईच्या गुडघ्यातून वसूल होतो. १९२७ ला महाडला पाण्यावर सवर्णांचा पहारा होता. इथं पहाऱ्याला आपलीच मोटर बसलीय! चवदार तळ्याच्या लेकरांनी शेजाऱ्याचं पाणी ओढायचं, आणि २० मार्चला महाडची गाडी पकडायची?

सरकारनं हा भेद कागदावर पक्का केला. १९७६ ला झोपड्या मोजल्या, फोटोपास दिले. मग तारखा आल्या : १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, मग १ जानेवारी २०११. डोंगरावर या तारखा आडव्या रेघांसारख्या असतात. जो आधी आला तो खाली बसला, जो नंतर आला तो वर चढला. म्हणून पायथा 'पात्र', मधला पट्टा 'सशुल्क', माथा 'अपात्र'. मनूला वर्ण पाडायला धर्म लागला. यांना एक कॅलेंडर पुरलं.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे कायदा माथ्यापर्यंत चढला. पाईप अजून धापा टाकतोय.

तेच पुनर्विकासाचं. बिल्डर येतो तेव्हा तो अख्ख्या टेकडीशी बोलत नाही. संमती लागते ती पात्र झोपडीधारकांची, आणि तीही पूर्वी ७० टक्के होती, आता ५१ टक्क्यांवर आली. अपात्राला मतच नाही. म्हणजे पायथ्याच्या निम्म्या लोकांना बिल्डिंगची आशा दाखवली की माथ्याचं काय व्हायचं ते ठरून जातं. आपले काही पुढारी या कामात दलालासारखे फिरतात. खांद्यावर निळा पंचा, खिशात बिल्डरचं पाकीट. त्यांची नावं तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

काही कॉम्रेड म्हणतील : जात सोडा, गरीब तेवढा एक. नाही दोस्त. जात झाकून केलेली एकी पहिल्या दंगलीत उसवते. काही आपले म्हणतील : दुसऱ्यांचं ओझं कशाला, आपण आपल्या लाईनीपुरतं बघू. दरड लाईन बघून थांबत नाही. तमिळ घरामागची माती सुटली की ती आधी त्याच्यावर पडते, मग बौद्धाच्या पत्र्यावर, मग मुसलमानाच्या. माथ्याच्या भिंतीशिवाय पायथा सुरक्षित नाही, हे शाहू-फुले-आंबेडकर न वाचलेल्यालाही कळतं. वाचलेल्याला तर आधी कळायला पाहिजे.

म्हणून पोरांनो, कामाला लागा. कमिटी गल्लीची नको, उताराची करा : माथ्यापासून पायथ्यापर्यंत प्रत्येक लाईनीतून एक बाई, एक पोरगा, आणि पहिली खुर्ची 'अपात्र' माथ्याला. आधी आपल्या लाईनीतल्या मोटरी बंद करा, मग पालिकेत पंप आणि वरच्या टाकीसाठी बसा. म्हाडा-पालिका भिंत बांधायला आली तर उभे राहून बघा : भिंतीच्या पोटातलं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलीत का, मागं गटार काढलंय का. नाहीतर पाणी आतल्या आत तुंबतं आणि वाचवणारी भिंतच जीव घेते. कुठली भिंत, किती पैसे, कुठला ठेकेदार, सगळं माहितीच्या अधिकारात मागा आणि विहाराच्या दारावर आठ भाषांत चिकटवा. नोटीस आली तर घेऊन उलट लिहा : 'जातो. कुठं ते सांगा.' आणि विहाराची अभ्यासिका आजपासून साऱ्या टेकडीची करा. मारीअम्माच्या गल्लीत जाऊन आपण होऊन बोलवा.

पुढचा जून येणारच आहे. मेट्रोतून जाणारा पुन्हा फोटो काढेल. त्या फोटोत पिवळी भिंत दिसेल, गुलाबी भिंत दिसेल. आपल्याला हवी आहे ती तिसरी भिंत, काळ्या दगडाची, बिनरंगाची. घरांच्या मागची. ती फोटोत नाही आली तरी चालेल.

जय भीम!