दुरुस्तीचा तास हवा





संगीत कक्षातील जुन्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमुळे शाळेत झालेला अपघात आता सर्वांना ठाऊक आहे. त्याविषयी तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी कानावर येतात, म्हणून या अंकातले मनोगत मी त्याच विषयावर लिहीत आहे. त्या दिवशी जे घडले त्यात माझा वाटा किती होता, तेही सांगणार आहे. त्यानंतर माझे मत मांडीन. ते सर्वांना पटेलच असे नाही.

हा अ‍ॅम्प्लिफायर शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने प्रेमाने दिलेली भेट आहे. अमेरिकेत नोकरी करताना त्याने तो जुना घेतला होता आणि इंदूरला परतल्यावर शाळेला दिला. तो व्हॉल्व्हचा आहे, म्हणजे आत ट्रान्झिस्टर नाहीत, काचेच्या निर्वात नलिका आहेत. एक स्नेहसंमेलन छान पार पडले. पुढे त्यातून घूं-घूं असा आवाज येऊ लागला आणि पेटी स्टोअरमध्ये गेली. गेल्या वर्षी मोडीत काढायच्या सामानाच्या यादीत तिचे नाव आले, तेव्हा ती ओळ मी स्वतः खोडली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी मुलांपुढे भाषणही केले, की वस्तू बिघडली म्हणजे ती कबाडीला द्यायची नसते, दुरुस्त करायची असते.

अकरावीच्या दोन मुलांनी ते शब्द मनावर घेतले. मधल्या सुट्टीत त्यांनी पेटी प्रयोगशाळेत नेली. आधी स्टँडबायचा खटका पाडला, मग मेन स्विच बंद केला, प्लग काढला आणि मागचे स्क्रू उघडले. त्यांच्या मते सगळी काळजी घेऊन झाली होती. एकाचे बोट आतल्या एका जोडावर टेकले आणि तो मागे फेकला गेला. बोट भाजले, कोपर टेबलावर आपटले. दवाखान्यात ई.सी.जी. काढला, तो ठीक निघाला. देवाची कृपा, एवढ्यावरच निभावले.

संध्याकाळी त्याची आई शाळेत आली. ती रागावली नव्हती, पण तिने शांतपणे विचारले, "सर, दुरुस्त करा असे तुम्ही सांगितलेत. हात कुठे लावायचा नाही, ते सांगितलेत का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी होळकर कॉलेजात हिंदी माध्यमातून बी.एस्सी. केले. ट्रायोडचे वक्र काढून मी परीक्षेत गुण मिळवले आहेत आणि संधारित्राची व्याख्या आजही झोपेतून उठवले तरी सांगेन. पण प्लग काढल्यावरही संधारित्रात विद्युतभार साठून राहतो, ही साधी गोष्ट त्या भाषणात सांगायचे मला सुचले नाही.

त्यानंतरच्या बैठकीत दोन ठराव मांडले गेले. एक, ही पेटी लगेच मोडीत काढावी. दोन, शाळेत कोणतेही विद्युत उपकरण विद्यार्थ्यांसमोर उघडू नये. ठराव मांडणाऱ्यांना मुलांची काळजी आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही मी दोन्हींना विरोध केला. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोपर्यंत पेटी शाळेबाहेर जाणकाराकडून तपासून घेण्याची परवानगी मला मिळाली.

राजवाड्यामागच्या एका गल्लीत एक वयस्क मिस्त्री राहतात. चाळीस वर्षे त्यांनी रेडिओ आणि लाऊडस्पीकरची यंत्रे दुरुस्त केली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्या दोन मुलांना त्यांच्या पालकांसह मी चार शनिवार चाचांकडे घेऊन गेलो. अट एकच होती, की बघायचे, विचारायचे, वहीत लिहायचे, हात लावायचा नाही. पहिल्याच दिवशी चाचा म्हणाले, "मास्टरसाब, बटन बंद करने से बिजली चली नहीं जाती." माझ्या भाषणात हेच वाक्य राहून गेले होते.

अशा यंत्रात व्हॉल्व्हना सुमारे ४०० व्होल्ट एकदिश दाब लागतो. तो स्थिर ठेवण्यासाठी मोठे संधारित्र बसवलेले असतात. मुलांनी आधी स्टँडबायचा खटका पाडल्यामुळे पहिल्या संधारित्राचा पुढच्या व्हॉल्व्हशी संबंध तुटला आणि त्यातला भार जायला वाटच उरली नाही. ४० मायक्रोफॅरडचा संधारित्र ४०० व्होल्टला भारला, तर त्यात ३.२ ज्यूल ऊर्जा साठते. गणिताने ती एक किलोचे वजन फूटभर उचलण्याइतकीच आहे. पण हीच ऊर्जा क्षणार्धात शरीरातून जाते आणि हृदयाच्या वाटेने गेली तर जीवही जाऊ शकतो.

चाचांनी १०० किलोओहमचा जाड रोध विद्युतरोधक दांडीच्या टोकाला लावला, दुसरे टोक चॅसिसला जोडले आणि संधारित्रावर टेकवून वीसएक सेकंद धरला. मग मल्टीमीटरने शून्य दिसल्याची खात्री केली. हे सगळे एकाच हाताने, डावा हात खिशात. वीसच सेकंद का? ४० मायक्रोफॅरड गुणिले १०० किलोओहम म्हणजे ४ सेकंद, आणि त्याच्या पाचपट काळात भार जवळजवळ संपतो. हे समीकरण फळ्यावर मी कित्येक वर्षे लिहीत आलो. ते कोणाचा जीव वाचवते, हे मी त्या दिवशी पाहिले.

घूं-घूं आवाजाचे कारणही कळले. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. तिचे एकदिशीकरण झाल्यावर लहरी १०० होतात. फिल्टरचे संधारित्र जुने होऊन आतले द्रावण सुकले, की त्या लहरी गाळल्या न जाता थेट स्पीकरपर्यंत पोचतात. चाचांनी ते संधारित्र बदलले. एका जोड-संधारित्रातून दाब झिरपत होता, त्यामुळे शेवटच्या व्हॉल्व्हची पट्टी तापून लाल होत असे, तोही बदलला. मूळची दोन पिनची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनची घातली आणि मेनमधून चॅसिसला जोडलेला जुना संधारित्र कापून टाकला. तो बिघडला असता तर गिटारच्या तारांतूनच शॉक बसला असता. व्हॉल्व्हचे सॉकेट पुसले, ड्राय सोल्डर झालेले चार जोड पुन्हा डाखले. मग १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून यंत्र सुरू केले. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, याचा अर्थ आत कुठे शॉर्ट नाही. स्पीकर मात्र त्याआधीच जोडलेला होता, कारण स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचे यंत्र चालवले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

एक सूचना आपल्या संगीत कक्षासाठीही आहे. हे यंत्र अमेरिकेतले, म्हणून आपल्या २३० व्होल्टवर स्टेपडाऊन लावूनच चालवायचे. स्टेपडाऊनने दाब उतरतो, पण आवर्तने ५० च राहतात. ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्यामुळे थोडा जास्त तापतो, म्हणून तासन्‌तास चालू ठेवायचा नाही.

या कामाला लागलेला खर्च एका साध्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीपेक्षा फार कमी नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. आता एक छोटी डिजिटल पेटी अनेक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांचा आवाज बऱ्यापैकी हुबेहूब काढते. स्नेहसंमेलनापुरते पाहिले तर तिने काम भागेल. व्हॉल्व्ह क्षमतेपलीकडे ताणला की आवाज हळूहळू, गोलाईने फाटतो, आणि ते वादकांना आवडते. म्हणूनच १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागून रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, तरी गिटारच्या यंत्रांत ते राहिले आणि आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये तयार होतात. पण केवळ आवाजासाठी मी विश्वस्तांशी वाद घातला नसता.

माझे म्हणणे शिक्षणाविषयी आहे. आज मुलांच्या हातातल्या मोबाइलच्या आत काय आहे, ते उघडून पाहिले तरी दिसत नाही. या पेटीत प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. हा रोध, हा संधारित्र, इथून आवाज आत आला, इथे मोठा झाला, इथून बाहेर गेला, असे बोट (दुरूनच!) फिरवून सांगता येते. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरांत जोडणी करणाऱ्या बाईचे नाव लिहिलेली चिकटपट्टी आत सापडते, त्यात 'लिली' हे नाव बरेचदा असते. यंत्र माणसाच्या हातांनी बनते आणि माणसाच्या हातांनी सुधारता येते, हे मुलांना याहून सोपे करून कसे सांगणार?

या धंद्याचा इतिहासही तेच सांगतो. लिओ फेंडर हिशेबशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. १९३८ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले आणि दुरुस्ती करता करता ते अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागले. लंडनच्या पश्चिम भागात जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. अमेरिकन यंत्रे तिथे महाग पडत, म्हणून १९६२ साली त्यांच्या दुकानातल्या दुरुस्ती करणाऱ्या मंडळींनी फेंडरच्या 'बेसमन'च्या आधाराने आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. जो दुसऱ्याची वस्तू उघडून समजून घेतो, तोच पुढे आपली वस्तू घडवतो.

दुसऱ्या ठरावाविषयी एवढेच म्हणतो, की बंदी घातल्याने मुलांचे कुतूहल थांबणार नाही. ती घरी जाऊन उघडतील आणि तिथे डावा हात खिशात ठेवा म्हणणारे कोणी नसेल. आमच्या मुलाला शॉक बसला तो दुरुस्ती शिकल्याने बसला नाही, अर्धवट शिकल्याने बसला. अर्धवट शिकवणारा मी होतो.

म्हणून माझे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, इयत्ता नववी ते अकरावीसाठी दर शनिवारी एक दुरुस्तीचा तास असावा. मुलांनी हात लावायचा तो १२ व्होल्टपर्यंतच्या बॅटरीवरच्या वस्तूंना. त्यापुढचे काम जाणकार मिस्त्री करतील आणि मुले दुरून पाहतील. पालकांची लेखी संमती आवश्यक राहील. दुसरा, शाळेच्या प्रत्येक यंत्राची देखभाल-नोंदवही ठेवावी, म्हणजे कधी आले, शेवटचे कधी तपासले, काय बदलले, हे कळेल. तिसरा, वार्षिक अंदाजपत्रकात देखभालीचे वेगळे सदर असावे.

तिसऱ्या प्रस्तावावर विश्वस्तांनी विशेष विचार करावा ही नम्र विनंती. आपल्याकडे दात्यांची कमी नाही. पंखा दिला की पात्यावर नाव, कपाट दिले की दारावर नाव. ते योग्यच आहे. पण त्याच पंख्यात तेल घालण्यासाठी देणगी दिल्याची पाटी मी आजवर एकाही शाळेत पाहिलेली नाही. नवी वस्तू घेणे हा समारंभ होतो, जुनी सांभाळणे हे कोणाचेच काम राहत नाही. मग स्टोअर भरते आणि दर पाच वर्षांनी कबाडीचा टेम्पो येतो.

एक गंमत सांगून थांबतो. माझ्या हिंदी पुस्तकात 'प्रतिरोध' होता, आपल्या मराठी पुस्तकात 'रोध' आहे आणि चाचांच्या तोंडी 'रजिस्टन्स'. ज्या व्हॉल्व्हला अमेरिकेत १२एएक्स७ म्हणतात, त्यालाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात. नावे वेगळी, काम तेच. आवाजाची खुंटी फिरवली की खरखर होत होती. चाचांनी आत थोडे क्लीनर सोडले आणि ती वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे फिरवली, खरखर गेली. म्हणाले, न फिरवता पडून राहिली म्हणून असे झाले. घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलत वाढलेल्या माझ्यासारख्याला त्यातून जे समजायचे ते समजले.

पेटी आता शाळेत परत आली आहे, कुलूपबंद. चावी माझ्याकडे आहे. तो विद्यार्थी बरा आहे आणि चार शनिवारची त्याची वही मी बैठकीत विश्वस्तांपुढे ठेवणार आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या आईने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून दिली आहे : "पूर्ण शिकवणार असाल तर माझी संमती आहे."

पालकांनी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, कार्यालयात लेखी द्यावे. ते सर्व मी बैठकीपुढे ठेवीन.

आपला,
मुख्याध्यापक