किल्ली कोणी फिरवली?

पावसाळा आला की मला हा प्रश्न हमखास आठवतो. प्रश्न विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा होता. उत्तर माझ्या बाबांनी दिलं आणि भुर्दंड आम्हाला बसला.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. माणसं गेली, घरं गेली, गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून गेल्या. त्या मानाने आमचं काहीच गेलं नाही. पार्किंगमधली गाडी बॉनेटपर्यंत बुडाली, एवढंच. मी ऑफिसच्या कामासाठी बंगलोरला होतो. सकाळी पाणी ओसरल्यावर बाबांनी तेच केलं जे तुम्ही-आम्ही कोणीही करू. चालू होते का बघितलं. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा इंजिनाने जेमतेम धरलं, आतून ‘ठक्क’ आवाज आला आणि सगळं शांत.

कारण शाळेतलंच आहे. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. बाबांनी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा त्या सर्व्हेअरच्या तोंडून ऐकला.

आमची पॉलिसी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ होती बरं का! म्हणजे सर्वसमावेशक. त्यात पूर, वादळ सगळं होतं. सीट, कार्पेट, वायरिंगचे पैसे मिळाले, घसारा कापून. इंजिनाला मात्र नकार. का, तर ते ‘कॉन्सिक्वेन्शियल’ नुकसान. मराठीत सांगायचं तर, पाणी पुराने घातलं पण इंजिन तुम्ही मोडलंत.

आता कोणीतरी म्हणेलच, “करार आहे, वाचून सही करायची.” मान्य. किल्ली फिरवल्याने नुकसान वाढतं हेही मान्य. पण मग मला एक सांगा. मी सॉफ्टवेअर लिहितो. एक बटण दाबल्यावर युजरचा सगळा डेटा उडणार असेल, तर आम्ही निदान “नक्की ना?” असं विचारतो. ते न विचारता, “मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं” असं मी क्लायंटला सांगितलं तर तो मला उभा करेल का दारात?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईभर गाड्या बुडाल्या. तेव्हापासून कुठल्या विमा कंपनीला हे माहीत नाही? माहीत आहे म्हणून तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर वेगळे पैसे घेऊन विकतात! पण आम्हाला पॉलिसी देताना एजंटने त्याचं नावही काढलं नाही. त्याला प्रीमियम स्वस्त दाखवायचा होता. रिन्यूअलची तारीख जवळ आली की मला पंधरा एसएमएस येतात. शहर पाण्याखाली असताना “गाडी बुडाली असेल तर चालू करू नका” हा एक एसएमएस मात्र कधीच आला नाही. खर्च किती आला असता हो?

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, लाखाच्या वर गेले. पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मी परत आलो तेव्हा बाबा मला म्हणाले, “सॉरी रे, माझ्यामुळे झालं.” आयुष्यभर एकही हप्ता न चुकवलेला माणूस, आणि माफी तो मागतोय!

असो. कंपन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर एवढं करा. गाडी बुडाली तर किल्ली फिरवू नका, बटणवाली असेल तर बटणाला हात लावू नका. फोटो काढा, कंपनीला फोन करा, टो करूनच न्या. आणि पुढच्या रिन्यूअलला इंजिन कव्हर आहे का, ते एजंटला तोंडावर विचारा.

मुख्य म्हणजे हे आजच घरी फोन करून सांगा. पूर येईल तेव्हा गाडीजवळ तुम्हीच असाल असं नाही.